सुरी दादाची, पातेलं पेर्पेतुआचं

क्वेम्नाझी गावात लग्न ठरलं की आधी मुलीच्या बापाला विचारत आणि दुसऱ्या दिवशी पेर्पेतुआला. बाप नाही म्हणाला तर दुसरी मुलगी बघता यायची. पेर्पेतुआ मोकळी नसली तर लग्नाची तारीखच बदलायची. चारशे माणसांचा पिलाव ती तीन दगडांच्या चुलीवर रांधायची आणि रांधताना एकदाही चव घ्यायची नाही. झाकणाला कान लावायची, आत काय चाललंय ते ऐकायची आणि मग लाकडं मागे ओढायची. पातेल्याला फार प्रश्न विचारू नयेत, ते आपणहून सांगतं, असं तिचं मत होतं. डाव म्हणून तिच्याकडे होडीचं वल्हं होतं. ते कुठून आलं हे कोणी विचारलं नव्हतं, जरी समुद्र गावापासून चांगला एक दिवसाच्या चालीवर होता.

गावातली निम्मी माणसं संत बर्थलमयच्या चर्चमध्ये जात, निम्मी मशिदीत, आणि जेवायला सगळी दोन्हीकडे. हे जमत होतं ते एका रीतीमुळे. जनावर कोणाच्याही दारचं असो, चर्चचं असो की बारशाचं, सुरी मुसलमानाच्या हातात असायची. मग कोणालाच ताटावरून उठावं लागत नसे. किताबवाल्यांनी, म्हणजे ख्रिस्ती-यहुद्यांनी, कापलेलं चालतं अशी सवलत मुसलमानांच्या शास्त्रात होती, गावात नव्हती. रीत कोणी घातली ते ठाऊक नव्हतं. ती पाळायला कष्ट पडत नव्हते, त्यामुळे ती शंभर वर्षं टिकली.

पेर्पेतुआच्या काळात ही सुरी तिच्या सख्ख्या भावाच्या हातात होती.

त्यांचे वडील बार्नाबा मिशनच्या शाळेत धर्मशिक्षण देत. थोरल्याचं नाव त्यांनी स्तेफानो ठेवलं, तो पुढे पाद्री व्हावा म्हणून. स्तेफानो पंचविसाव्या वर्षी टांगा शहराच्या बंदरात हमालांचा मुकादम झाला, एका मुसलमान मुलीच्या प्रेमात पडला आणि सईदी होऊन घरी आला. नुसता लग्नापुरता सईदी झाला असता तर बार्नाबांनी एक वेळ गिळलं असतं. तसे बरेच होत आणि सासरा वारला की परत येत. पण ह्याने मनापासून केलं. तो शिकला, पाठांतर केलं, आणि पाच वेळच्या नमाजात कधी खंड पडू दिला नाही. धर्मशिक्षकाचा मुलगा, जे धरायचं ते घट्ट धरायचं हे घरूनच शिकलेला. बार्नाबा त्या पावसाळ्यात खाटेवर पडले ते उठले नाहीत. शेवटी त्यांनी धाकट्या मुलीचा हात धरला आणि म्हणाले, ‘त्याला सोडू नकोस. आणि प्रभूला तर सोडूच नकोस.’

दोन्ही एकदम कसं करायचं हे सांगायला ते राहिले नाहीत.

पेर्पेतुआ चार वर्षं भावाशी बोलली नाही. मग तिचं लग्न ठरलं. मांडव पडला, बकरे आणले, आणि सुरी धरणारा म्हातारा आदल्याच दिवशी तापाने फणफणला. गावात दुसरा जाणता माणूस एकच होता. नवरीने स्वतः त्याच्या अंगणात जाऊन सांगितलं, ‘तू येशूला सोडलंस, ते तुझं तू बघ. बकऱ्यांचा त्यात काही दोष नाही.’ सईदी सुरी घेऊन निघाला. वाटेत तिने त्याला तो कसा चुकतोय हे सांगायला सुरुवात केली, आणि त्याने तिला. मांडव आला तरी दोघांचं संपलं नव्हतं.

ते पुढे बेचाळीस वर्षं संपलं नाही. तो जनावराचं तोंड मक्केच्या दिशेला करी, बिस्मिल्ला म्हणे. मांस पातेल्यात पडलं की ती त्यावर क्रूसाची खूण करी. मधल्या वेळात दोघं वाद घालत. तो म्हणे, ईसा थोर पैगंबर, पण देवाला मूलबाळ नसतं. ती म्हणे, तो नुसता पैगंबर असता तर शुक्रवारी मेला आणि रविवारी मेलेलाच राहिला असता. तो म्हणे, मेलाच नाही. ती म्हणे, मग कांदा चीर. रोज पहाटे ती प्रार्थनेत भावाचं नाव घेई, स्तेफानो म्हणून. आणि तो तिच्यासाठी दुवा मागे, सफिया म्हणून. हे नाव त्याने तिच्यासाठी निवडून ठेवलं होतं, वेळ आली की उगाच शोधाशोध नको. दोघांनाही एकमेकांचं हे ठाऊक होतं. कोणी कोणाला थांबवलं नाही.

नवरा गेला, मुलं शहरांत पांगली. पेर्पेतुआ अडुसष्ट वर्षांची झाली, सईदी एकाहत्तरचे शेख सईदी. बाराव्या वर्षी तिने पहिल्यांदा प्रभुभोजन घेतलं होतं. त्यानंतर वेदीपुढच्या कठड्याशी तिचे गुडघे टेकले नाहीत असे रविवार तिने मोजून ठेवले होते. ते सहा होते, आणि सहाही बाळंतपणाचे.

चर्चला शंभर वर्षं व्हायची होती त्या वर्षी गावाला नवे पाद्री मिळाले. पाद्री क्लेमेंती तिशीतले, विद्यापीठाची पदवी घेतलेले, पश्चिमेकडच्या तलावाकाठचे. उंच, सडपातळ, आणि प्रामाणिक. प्रामाणिकपणाचा गावाला थोडा त्रासच झाला. आधीचे पाद्री बऱ्याच गोष्टी बघत नसत. हे बघत.

शताब्दीच्या तीन रविवार आधी ते व्यासपीठावरून म्हणाले की ह्या वेळचा बैल ख्रिस्ती हातानेच कापला जाईल. ज्या मांसावर दुसऱ्या धर्माची प्रार्थना म्हटली गेली ते प्रभूच्या लोकांनी खायचं नाही. आणि जो खाईल त्याने त्यानंतर प्रभूच्या मेजाशी येऊ नये.

चर्चमध्ये इतकी शांतता झाली की मागच्या बाकावरच्या बायकांनी पोरांना उगाचच चिमटे काढले.

मशिदीच्या बाजूला ही बातमी आनंदाने घेतली गेली. सईदींचा नातू इद्रिसा नुकताच शहरातून शिकून आला होता, सोबत वादविवादाच्या कॅसेटींनी भरलेली पिशवी घेऊन. तो म्हणाला, पाद्री बरोबर बोलतात, आपणही त्यांच्या दारी पाणीसुद्धा पिऊ नये. दोन्ही धर्मांचे तरुण एखाद्या गोष्टीवर एकमताने वागल्याचा क्वेम्नाझीतला हा पहिलाच प्रसंग होता, आणि म्हाताऱ्यांना त्याची धडकी भरली.

बैल तोवर सईदींच्या अंगणात होता. गावातली सगळी मेजवानीची जनावरं दोन महिने त्यांच्या आंब्याखाली बांधून कोंड्यावर पोसायची, ही रीतीची दुसरी बाजू. त्या सोमवारी चर्चच्या पंचांनी बैल सोडवून चर्चच्या आवारात नेला. सईदींनी दावं स्वतः सोडून दिलं. ‘संध्याकाळी मीठ चाटायला घाला,’ एवढंच म्हणाले.

पेर्पेतुआने भावाला सुचवून पाहिलं की शताब्दीच्या आदल्या दिवशी माझा एक बकरा तू काप, मी वेगळ्या पातेल्यात रांधते, तुझी माणसं माझ्या ओसरीवर जेवतील. सईदी बराच वेळ माळ ओढत राहिले.

‘पेता,’ ते म्हणाले, ‘बेचाळीस वर्षं मी पुढच्या फाटकाने आलो. आता मागच्या दाराने बकरा कापायला येऊ? तुमच्या पाद्रींनी तोंडाने बोलावलं तर येईन. नाहीतर घरी बसून कोंबडी खाईन.’

‘कोंबडी चिवट असते तुझ्याकडची.’

‘असू दे. माझ्या दातांना लाज नाही, मला आहे.’

शताब्दीच्या आठवड्यात बुधवारी पाद्री क्लेमेंती तिच्या घरी आले. तिने आल्याचा चहा केला. त्यांनी समजुतीने सुरुवात केली, आणि खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं पोकळ नव्हतं. गेल्या वर्षभरात गावातले तीन तरुण लग्नासाठी मशिदीत गेले होते. विचारलं तर म्हणाले, त्यात काय, देव एकच, रस्ते वेगळे. पाद्री म्हणाले, ही रीत चांगली दिसते, पण ती मुलांना हेच शिकवते की कोणाचंही म्हणणं खरं असलं काय आणि नसलं काय, पिलाव चांगला झाला म्हणजे झालं.

‘सगळे रस्ते सारखे, असं मी कधी म्हटलं?’ पेर्पेतुआने विचारलं.

‘तुम्ही नाही म्हटलं, बीबी. पण तुमचं पातेलं म्हणतं.’

हे तिला लागलं. तिने त्यांच्या पेल्यात परत चहा ओतला, तो अजून भरलेला असताना.

‘दादाने सुरी धरली तर ते मांस मी रांधणार आणि खाणार,’ ती म्हणाली. ‘आणि रविवारी कठड्याशी येणार.’

‘मग मला तुम्हाला ओलांडून पुढे जावं लागेल. सगळ्यांदेखत.’

‘तुमचं काम तुम्ही करा, पाद्री. माझं मी करते.’

ते गेल्यावर ती ओसरीवर बसून राहिली. एका म्हाताऱ्याचा हट्ट आणि एका तरुणाचं व्रत ह्यांत ती सापडली होती. भाऊ बोलावल्याशिवाय येणार नव्हता, पाद्री बोलावणार नव्हते. भावाला सोडलं तर बापाच्या वचनाचा अर्धा भाग मोडत होता, आणि न सोडलं तर उरलेला अर्धा, निदान चर्चच्या वहीत तरी. दुसऱ्या दिवशी पहाटे प्रार्थनेत स्तेफानोचं नाव घेतल्यावर तिला पुढचं काही सुचलं नाही, म्हणून तिने तेच नाव तीनदा घेतलं.

शनिवारी सकाळी चर्चच्या आवारात गाव जमलं. ख्रिस्ती उत्साहाने आले होते, मुसलमान कुंपणापलीकडून सहज जाता जाता थांबले होते. आणि दोन्हींच्या मध्ये, कुंपणावरच, म्हातारा लुहेंदे बसला होता.

लुहेंदे घायपाताच्या मळ्यात दोर वळायचा. तो ना चर्चचा ना मशिदीचा. पितरांना घरची दारू ओतायचा आणि उरलेली स्वतः प्यायचा, उरायची बरीच. त्याची जमात आणि ह्या गावची जमात ह्यांच्यात पणजोबांपासून थट्टेचं नातं होतं. अशा नात्यातल्या माणसाने वाटेल ते बोलावं आणि ऐकणाऱ्याने रागावू नये. रागावला तर एक कोंबडी दंड. लुहेंदेच्या घरी कोंबड्या पुष्कळ होत्या. पेर्पेतुआला तो चारचौघांत ‘माझी बायको’ म्हणे, आणि पाद्रींना ‘माझ्या बायकोचा मुलगा’.

सुरी गेर्वास सुताराकडे दिली होती. तो गायकवृंदात खर्जात गायचा आणि गावातला सगळ्यात धिप्पाड ख्रिस्ती होता. आठवडाभर त्याने सुरीला अशी धार लावली होती की तिने दाढी करता आली असती. अडचण एवढीच होती, आणि ती आत्ता, बैल समोर उभा असताना ध्यानात आली: शंभर वर्षांत क्वेम्नाझीतल्या एकाही ख्रिस्ती माणसाने बैल कापला नव्हता. पाय कुठले बांधायचे, आडवा कसा पाडायचा, मान कोणी दाबायची, काही कोणाला माहीत नव्हतं. बघितलं सगळ्यांनी होतं. संत बर्थलमयला खाटकांचा कैवारी मानतात, हे पाद्रींना ठाऊक होतं. त्या सकाळी ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

त्यांनी पुढचे दोन पाय बांधले. बैल हे बघत राहिला. मग सहा जणांनी ढकललं, बैल बाजूला सरकला, आणि सहाही जण आडवे झाले.

‘बैल तयार आहे,’ कुंपणावरून लुहेंदे म्हणाला, ‘आता ह्यांना कापा.’

पाद्रींनी झग्याच्या बाह्या वर केल्या आणि दोर स्वतः हाताला गुंडाळला. हे त्यांनी करायला नको होतं. गेर्वासने सुरी उचलली, तिच्यावर ऊन चमकलं, आणि बैलाने जे काही मनात होतं ते केलं. पायाची गाठ सुटली. पाद्री वीस-एक पावलं त्याच्यामागे गेले, त्यातली पहिली पाच-सहा पायांवर. मग दोर हातातून सुटला. बैलाने ‘प्रभूच्या कृपेची शंभर वर्षं’ असं लिहिलेलं कापड शिंगांवर घेतलं, कुंपण मोडलं, बाजारातून टमाट्यांच्या राशी चुकवत सरळ गेला, मशिदीशी वळला आणि शेख सईदींच्या अंगणात आंब्याखाली आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला. कोंड्याचं टोपलं रिकामं होतं. त्याने मान वळवून सईदींकडे पाहिलं.

बैल घरी आला होता.

मागोमाग गाव आलं. सईदी ओसरीवर बसले होते. त्यांनी उठून आधी बैलाच्या शिंगांवरचं कापड काढलं, घडी घातली आणि गेर्वासच्या हातात दिली. मग टोपल्यात कोंडा घातला. पाद्री क्लेमेंती शेवटी पोचले. झगा फाटलेला, आणि घायपाताच्या दोराने दोन्ही तळवे सोलून निघालेले. पेर्पेतुआ चुलीवरून तशीच आली होती, खांद्यावर वल्हं.

इद्रिसा पुढे झाला. ‘तुमचा बैल घेऊन जा, पाद्री. आजोबा आता त्याला हात लावणार नाहीत.’

‘आजोबांना तोंड आहे,’ सईदी म्हणाले, आणि टोपलं बैलाच्या आणखी जवळ सरकवलं.

पाद्रींनी म्हाताऱ्याकडे पाहिलं. ‘शेख, तुम्ही हा कापलात तर कोणाच्या नावाने कापाल?’

‘देवाच्या. दुसऱ्या कोणाच्या नावाने आजवर कापलेलं नाही.’

‘त्या नावात पुत्र आहे?’

‘नाही.’

सईदी खोटं बोलू शकले असते, निदान हसून विषय टाळू शकले असते. तसं केलं असतं तर सगळ्यांची सोय झाली असती. पाद्रींनी मान हलवली, जणू त्यांना हेच उत्तर हवं होतं आणि हेच नको होतं.

‘ऐकलंत, बीबी?’

‘बेचाळीस वर्षं ऐकतेय,’ पेर्पेतुआ म्हणाली. तिने वल्हं जमिनीवर टेकवलं. ‘आता तुम्ही ऐका, पाद्री. दादा चुकतोय. येशू प्रभू आहे, देवाचा पुत्र आहे, तो मेला आणि उठला. हे मी ह्या माणसाला दर बकऱ्यामागे सांगितलंय, तोंडावर, ह्याच आंब्याखाली. तुम्हाला गावात येऊन दहा महिने झाले. तुम्ही हे ह्याला किती वेळा सांगितलंत?’

पाद्री फाटलेल्या झग्याची बाही खाली ओढू लागले.

‘एकदाही नाही. तुम्ही आम्हालाच सांगता, ज्यांना आधीपासून पटलंय. आणि ह्याच्याकडून फक्त ताट काढून घेता.’

कुंपणाशी कोणीतरी खोकलं. ती थांबली नाही.

‘येशू सगळ्याचा प्रभू असेल तर ह्या बैलाचाही आहे, आणि ह्या सुरीचाही. दादाने दोन शब्द म्हटले म्हणून बैल प्रभूच्या हातून निसटतो, असं मानायचं? एवढाच त्याचा जोर असेल तर छप्पन्न वर्षं मी कोणापुढे गुडघे टेकतेय? करिंथच्या बाजारातलं मांस खाताना चौकशी करू नका म्हणून संत पौलाने सांगितलं, आणि ते तर मूर्तींपुढे कापलेलं असायचं. मला दादाच्या सुरीची भीती वाटत नाही, कारण मला खरं काय ते माहीत आहे. ज्याला माहीत नाही त्याने घाबरावं.’

इद्रिसाला ह्यात संधी दिसली. तो म्हणाला, म्हणजे आजीबाई, आमचं खाऊनही आम्हाला खोटं ठरवणार?

‘हो,’ पेर्पेतुआ म्हणाली. ‘आणि तू माझं खाऊन मला ठरव. लहानपणापासून ठरवतोच आहेस, दोनदा वाढून घेऊन.’

कुंपणापलीकडची माणसं हसली, अलीकडचीही. लुहेंदे म्हणाला, माझी बायको बोलायला लागली की माझे पितरसुद्धा दारू खाली ठेवतात.

सईदी मात्र हसले नव्हते. ‘हे सगळं मी आधी ऐकलंय,’ ते पाद्रींना म्हणाले. ‘मला पटलेलं नाही. पण तिने कधी गोड करून सांगितलं नाही, हे खरं. म्हणून मी दर वेळी जातो.’

पाद्री क्लेमेंतींनी आपल्या तळव्यांकडे पाहिलं. ज्यांना शिकलेल्या माणसाला हरताना बघायला आवडतं त्यांनी त्या दिवशी नीट बघितलं असतं तर त्यांना दिसलं असतं की हा माणूस हरत नव्हता. तो आपणच दर रविवारी सांगितलेल्या एका वाक्याचा, येशू सगळ्यांचा प्रभू ह्याचा, अर्थ लावत होता, आणि तो अर्थ त्याला वाटला होता त्याहून मोठा निघाला होता.

‘शेख सईदी,’ ते म्हणाले, ‘उद्या आमच्या चर्चला शंभर वर्षं होतात. तुम्ही यावं. पुढच्या फाटकाने. आणि हा बैल तुम्ही कापावा, ही विनंती.’ मग घसा साफ करून म्हणाले, ‘तुम्ही चुकताय असं मला वाटतं. तेही मला तुम्हाला सांगायचंय. आज नाही. आज हात दुखतायत.’

‘गुरुवारी या,’ सईदी म्हणाले. ‘गुरुवारी मी मोकळा असतो.’

मग त्यांनी सुरी मागितली, अंगठ्याने धार बघितली आणि गेर्वासकडे बघून मान डोलावली. गेर्वासला आयुष्यात मिळालेली ही सगळ्यात मोठी शाबासकी होती. म्हाताऱ्याने मागचा डावा पाय आणि पुढचा उजवा बांधायला सांगितला, एक दोर शेपटीकडून घेतला, हलकेच ओढला, आणि बैल झोपायला आल्यासारखा आडवा झाला.

‘मी कुठे धरू?’ पाद्रींनी विचारलं.

‘मान,’ सईदी म्हणाले. ‘डोळ्यांवर हात ठेवा. त्याला दिसायला नको.’

सोललेल्या तळव्याने पाद्रींनी बैलाचे डोळे झाकले. सईदी बिस्मिल्ला म्हणाले. पाद्रींचेही ओठ हलले. ते काय म्हणाले ते बैलाशिवाय कोणाला ऐकू आलं नाही.

तरी रविवार उरलाच होता. आंब्याखाली जे झालं ते आंब्याखाली. शिक्षा व्यासपीठावरून जाहीर झाली होती, आणि ती मागे घेतल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. पेर्पेतुआने तर बैलाच्या काळजाचा तुकडा शनिवारी संध्याकाळीच चुलीवर भाजून सगळ्यांदेखत खाल्ला होता. चर्च इतकं भरलं की खिडक्यांतही माणसं होती. पेर्पेतुआच्या केसांना लवंग-दालचिनीचा वास येत होता आणि डोळे धुराने लाल झाले होते. तिने पांढरी ओढणी घेतली होती, तिच्या मातीसाठी ठेवलेली. म्हणाली, तेव्हा मला दिसणार नाही, आज वापरते.

प्रवचन लहान झालं. पाद्रींनी बैलाचा उल्लेख केला नाही. प्रभुभोजनाची वेळ आली तशी ती उठली आणि कठड्याच्या डाव्या टोकाला गुडघे टेकून बसली, नेहमीच्या जागी. गायकवृंदाचं गीत मधल्या कडव्यातच विरलं. सगळ्यांना बघायचं होतं. गेर्वास एकटा खर्जात गात राहिला, कारण त्याने डोळे मिटले होते.

उजवीकडून सुरू करायची रीत होती. पाद्री क्लेमेंती वेदीवरून खाली उतरले, कठड्याची सगळी लांबी ओलांडून डाव्या टोकाला आले आणि सगळ्यांत आधी तिच्यापुढे थांबले. तिने हात पुढे केले. त्यांच्या तळव्यांना चिंध्या बांधलेल्या होत्या, बोटं तेवढी मोकळी. खोबरेल लावायला हवं, तिच्या मनात आलं. मग तिच्या ओंजळीत भाकर पडली.

‘ख्रिस्ताचं शरीर,’ पाद्री म्हणाले, शेवटच्या खिडकीतल्या माणसालाही ऐकू जावं इतक्या मोठ्याने.

‘आमेन,’ ती म्हणाली, त्याहून मोठ्याने.

मागच्या बाकावरच्या एका बाईने जीभ टाळूवर नाचवून आनंदाची किलकारी दिली. प्रभुभोजनात हे चालत नाही. दुसरीने दिली, तिसरीने दिली, आणि मग सगळ्या चर्चने दिली. गायकवृंदाने अर्धवट सोडलेलं गीत उचललं, ढोलवाला बसल्या जागी वाजवायला लागला, आणि गुडघे टेकलेली माणसं उठायच्या आधीच डोलायला लागली. इतकं मोठ्याने क्वेम्नाझीचं चर्च शंभर वर्षांत गायलं नव्हतं. पुनरुत्थानाच्या सणालासुद्धा नाही, आणि तेव्हा तर ढोल दोन असतात.

प्रार्थना सुटली तेव्हा शेख सईदी फाटकाशी उभे होते, धुतलेल्या झब्ब्यात, मागे मशिदीतली सगळी वडीलधारी माणसं. पाद्रींनी फाटक उघडलं आणि त्यांना हाताला धरून आत आणलं. कोणी कोणाला धरलं होतं हे सांगणं कठीण होतं, कारण एकाचे हात बांधलेले होते आणि दुसऱ्याचे गुडघे दुखत होते. पेर्पेतुआने झाकणाला कान लावला, ऐकलं, आणि झाकण काढलं. नारळाच्या दुधाचा आणि मसाल्याचा वास बाजारापर्यंत गेला. इद्रिसा पाणीसुद्धा न पिण्याच्या तयारीने आला होता. तो तिसऱ्यांदा वाढून घेताना लुहेंदेने मोठ्याने मोजलं.

सईदींनी ताट पुसून घेतलं. ‘पेता,’ ते म्हणाले, ‘वर गेल्यावर आपल्यापैकी एकाला मोठं आश्चर्य वाटणार आहे.’

‘हो ना, दादा. म्हणून तर आधीपासून सांगतेय. तेवढाच धक्का कमी बसेल.’

गुरुवारी पाद्री क्लेमेंती पुस्तकांचा गठ्ठा घेऊन आंब्याखाली गेले आणि दिवस मावळेपर्यंत बोलले. सईदींना पटलं नाही. पुढच्या गुरुवारीही पटलं नाही. उलट त्यांनी पाद्रींनाच दोन ठिकाणी अडवलं. पाद्री पडेल चेहऱ्याने पेर्पेतुआच्या ओसरीवर येऊन बसले. तिने चहा दिला आणि तळवे उलटे करून बघितले. जखमा भरल्या होत्या.

‘दोनच गुरुवार झालेत, पाद्री,’ ती म्हणाली. ‘मला बेचाळीस वर्षं झाली. मी थकले का?’